सेलीनचा माड

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झाली, माझ्या दाढदुखीपासून माझ्या सगळ्या मावसबहिणींच्या भांडणांपर्यंत त्याला सगळं ठाऊक आहे, हे एवढं सोडून. आईला सांगितलं नाही, ती गेली. ज्यांच्या दवाखान्यात मी काम करायची त्या डॉक्टरांना तर सांगायलाच हवं होतं. तेही गेले. माझी शाळेपासूनची मैत्रीण सेलीन, तिच्याकडे कबुलीची सोय होती. चर्चमधल्या जाळीच्या खिडकीपलीकडे पाद्री बसायचे, आणि शाळेत असताना ती तिथे जाऊन आपले बारीकसारीक गुन्हे ओतून यायची आणि येताना चिंचा खात यायची. मला तिचा हेवा वाटायचा. आमच्याकडे आहे ते गाऱ्हाणं. देवापुढे उभं राहायचं, पण शेवटी काहीतरी मागावं लागतं. मला तर काही मागायचं नाही. मग सांगायचं कुठे? — तुम्हाला सांगते. बसा.

आणि घाबरू नका, यात कोणी मेलं नाही. बरंचसं हसण्यासारखंच आहे. मीही हसते कधीकधी — एकटी असले की. मग मध्येच थांबते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी बावीस वर्षांची होते. मालवणात तेव्हा छातीत कळ आली की ईसीजीची पट्टी काढायची, आणि त्याहून जास्त काही हवं असेल तर कोल्हापूर नाहीतर मुंबई. आमच्या डॉक्टरांना हे पटत नसे. त्यांच्या मेहुण्याने परदेशातून एक वापरलेलं मशीन पाठवलं, ध्वनिलहरींनी हृदय दाखवणारं. दोन लाकडी खोक्यांतून, ट्रकने, घाट उतरून ते आलं, आणि ते चालवायला कोणी नव्हतं. मी सायन्सची पदवी घेऊन घरी बसले होते. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, बाबांनी मला विचारलंही नाही, आणि मी दोन महिने मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात शिकायला गेले. परत आले ती 'मुंबईहून शिकून आलेली' होऊन. बाजारात मासेवाल्या बायका, ही नुसती भाव विचारणार म्हणून मला बघून मासळी झाकायच्या, त्या थांबल्या, एवढा माझा मान वाढला.

लोक मशीनला 'काळजाचो शिनेमा' म्हणायचे.

आता थोडं मशीनचं सांगते, कारण गुन्हा तिथेच आहे. हृदय आकसतं आणि रक्त बाहेर फेकतं, हे आपल्याला माहीत असतं. पण आकसल्यानंतर ते सैल पडतं, आणि हे सैल पडणं आयतं होत नाही, तेही स्नायूचं कामच — हे मला मुंबईत कळलं. सैल पडलं की ते वरच्या कप्प्यातलं रक्त आपल्याकडे ओढून घेतं. मग शेवटी वरचा कप्पा उरलंसुरलं ढकलतो. कागदावर याच्या दर ठोक्याला दोन टेकड्या उमटतात. पहिली ओढून घेतलेल्या रक्ताची, दुसरी ढकललेल्या रक्ताची. तरुण, निरोगी हृदयात पहिली चांगली उंच आणि दुसरी ठेंगणी. स्नायू ताठर झाला, सैल पडेनासा झाला, की उलट होतं. पहिली खुजी, दुसरी उंच. माणूस वरून धडधाकट दिसतो, हृदय जोरात आकसतंही, पण भरतच नाही नीट.

मोजायचं कुठे, ही खरी मेख. पडद्यावर हृदय हलत असतं, त्यावर एक तुटक रेघ, आणि रेघेवर 'बरोबर'च्या चिन्हासारखी बारीक खूण. ती जिथे ठेवाल तिथल्याच रक्ताचा वेग मशीन सांगतं. ठेवायची झडपेच्या पाकळ्यांच्या टोकांशी — दार उघडल्यावर दाराची कड जिथे येते, तिथे. मागे चौकटीत नाही. मुंबईत मला हे वीस वेळा सांगितलं होतं, आणि वीसही वेळा मी मान हलवली होती.

पण मुंबईची वीज वेगळी आणि मालवणची वेगळी. आमच्याकडे दाब वरखाली व्हायचा, पडदा थरथरायचा. पाकळ्या त्या पातळ, फडफडणाऱ्या, दिसल्या-न दिसल्याशा. मागची चौकट मात्र ठसठशीत, पांढरी, जागच्या जागी. मी खूण चौकटीत ठेवू लागले. मुद्दाम नाही. जे स्थिर दिसलं त्याचा आधार वाटला, एवढंच. आणि खूण तिथे गेली की पहिली टेकडी खचते. पन्नाशी उलटलेल्या माणसाची ती तशीही थोडी उतरलेली असते. झालं! जो येईल त्याचं हृदय ताठर.

पोस्टमास्तर ताठर. देवळातले पुजारी ताठर. सोड्याच्या बाटल्या भरणारे दोघे भाऊ, दोघेही ताठर. डॉक्टर चक्रावले, मग हरखले. त्यांना सिद्धांत सापडला! किनाऱ्यावरची सुकी मासळी, तिच्यातलं मीठ, त्याने आपल्या लोकांची काळजं ताठतात. बाहेरच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'सुकं बंद. खारं बंद. लोणचं बघूसुद्धा नये.' एक दिवस स्वतः टेबलावर झोपले आणि म्हणाले, माझं बघ. बघितलं. तेही ताठर. सुकटीशिवाय ज्यांचा घास उतरत नव्हता अशा त्या माणसाने त्या दिवसापासून सुकट सोडली, आणि त्यांच्या बायकोने आठवडाभर माझ्याशी बोलणं.

इथपर्यंत मी निर्दोष होते, असं म्हणता येईल? चूक होती, लबाडी नव्हती. पण ते सोडा. इनासकाकांकडे येते.

इनासकाका म्हणजे सेलीनचे वडील, आमच्यापासून तिसरं घर. आचऱ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीतले सगळे माड तेच चढायचे. छप्पन वर्षांचे, सडपातळ, पोटऱ्या सुंभासारख्या पिळलेल्या. कमरेला मागे कोयता अडकवायचे आणि बोलता बोलता वर जायचे, खरंच बोलता बोलता, खाली सुरू केलेली गजाल शेंड्यावर संपायची. त्यांना काहीही होत नव्हतं. खोकलासुद्धा नाही. दिवाळीच्या सुमाराला मीच त्यांना बोलावलं. हाताला सराव हवा होता, शेजारचं माणूस, ना म्हणणार नाही. "काका, येवा, तुमचा शिनेमा दाखवतंय." ते न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्या माझा? मगे रोजलीनाक पण बोलव, ती म्हणता माका काळीजच नाय." रोजलीन म्हणजे त्यांची बायको.

तो शर्ट चढवून होईपर्यंत त्यांचे माड बंद झाले होते. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून समजावलं: सुकी मासळी नाही, मीठ नाही, आणि माड तर नाहीच. सहा महिन्यांनी परत बघू.

ते घरी गेले आणि कोयता खुंटीला लावला. त्या हिवाळ्यात मी कामावर जाता-येता त्यांना ओसरीवर बसलेलं बघायची. रोजलीनकाकींनी त्यांना लसूण सोलायला बसवलं होतं. मान मात्र वर. कुठला माड तयार झालाय ते बसल्या जागेवरून सांगायचे, आणि तो चढायला येणाऱ्या पोरांना बसल्या जागेवरून शिव्या द्यायचे.

आणि सेलीनचं लग्न ठरलेलं होतं, जानेवारीच्या शेवटी. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो. नवरीला बसवून नारळाचं दूध अंगाला लावतात, आधी आई, मग घरचे, मग शेजारीपाजारी. आमच्या हळदीसारखं, पण जास्त दंगा. सेलीन जन्मली त्या वर्षी इनासकाकांनी विहिरीपाशी एक माड लावला होता. 'सेलीनचो माड' हेच त्याचं नाव. तिच्या रोसाचे नारळ त्याच माडाचे, आणि बापाच्या हाताने पाडलेले — हे त्यांनी तिला ती पाळण्यात असताना सांगून ठेवलं होतं. आम्ही दोघी चौथीत असताना ती मला तो माड दाखवून म्हणाली होती, हेच्यार माझा लगीन आसा.

रोसाला बारा दिवस होते. दुपारी डॉक्टर जेवून पडले होते, दवाखाना बंद. मला सहज वाटलं, अख्ख्या मालवणची काळजं बघितली, आपलं कधी बघितलंच नाही. कुशीवर झोपले, एका हाताने मशीनची दांडी छातीवर धरली, दुसऱ्याने बटणं फिरवली. खूण ठेवली — नेहमीच्या जागी. आणि कागदावर दोन सारख्या टेकड्या. बावीस वर्षांच्या पोरीच्या! पहिली दुपटीने उंच हवी होती. पहिला विचार काय आला असेल? मी मरते आता. अगदी हाच. सुके बांगडे डोळ्यांपुढून गेले. मग हात हलला की श्वास, कोण जाणे, खूण जराशी पुढे सरकली, पाकळ्यांच्या टोकाशी, आणि पहिली टेकडी ताडकन वर गेली. मागे सरकवली, खचली. पुढे नेली, उठली. मागे. पुढे. मी असं किती वेळ केलं ते सांगता येणार नाही. कागदाची पट्टी जमिनीपर्यंत लोंबत होती.

मी ती गुंडाळली आणि दवाखान्यामागच्या चुलीत घातली.

बघा, इथून पुढे चूक नाही. इथून पुढे मी आहे.

डॉक्टर उठले, चहा आला, आणि मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून खूण योग्य जागी ठेवू लागले, गुपचूप. फेरतपासणीला येणारे एकेक जण सुधारलेले निघू लागले. पोस्टमास्तर सुधारले. सोड्यावाल्यांतला धाकटा सुधारला. डॉक्टर टेबलावर थाप मारून म्हणायचे, "बघितलंस? मीठ!" लोक डॉक्टरांचे पाय धरायचे आणि मला पपई, कोकमं, ताजी सुरमई आणून द्यायचे. मी घ्यायची. कोणाला काय म्हणणार होते — तुम्ही आजारीच नव्हतात?

पण इनासकाकांची फेरतपासणी उन्हाळ्यात होती. आणि रोस बारा दिवसांवर.

मी रोजलीनकाकींना म्हटलं, काकांना एकदा दवाखान्यात पाठवा, सहज. तेवढ्याने काम झालं असतं आणि माझी अब्रूही राहिली असती. पण ते आले नाहीत. मला विहिरीपाशी गाठून म्हणाले, "नको गो. आता परत बघलंस आणि आणखी वायट दिसला, तर रोजलीन लगीन सोडून माकाच धरून बसात." मग आजूबाजूला बघून, पोरासारखा आवाज करून म्हणाले, "बाय गो, एकच माड. एकदाच. सेलीनचो. तू सांग, तुका मशीन कळता. एका माडाक मरान काय मी?"

उत्तर मला माहीत होतं. तालुक्यात फक्त मला एकटीला माहीत होतं. एक वाक्य होतं. माझं चुकलं काका, चढा.

मी म्हटलं, "डॉक्टरना विचारा."

त्यांनी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्यापुढे माझा कागद होता.

ते बारा दिवस मी रोज ठरवायची. सकाळी ठरवायची, दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की मोडायची. भीती कसली होती? नोकरीची थोडी. बाबा काय म्हणतील याची थोडी. पण खरं सांगू — बाजारातून जाताना जे मागे ऐकू यायचं ना, 'मुंबयसून शिकान इली ती', ते जाईल याची सगळ्यात जास्त. एवढ्यासाठी. हो, एवढ्यासाठीच.

रोसाच्या सकाळी नारळ पाडायला हायवेवरच्या कसालहून एक माणूस आणला होता. वाडी जमली. इनासकाका नवी पँट घालून आले आणि त्या नव्या पँटवर, कमरेला मागे, कोयता लावलेला.  कसालचा माणूस चढू लागला आणि काकांनी खालून जे तोंड सोडलं, ते आजही वाडीत नक्कल करून सांगतात.

"अरे मेल्या, माडाक गुदगुल्यो करतंस काय? धर घट्ट!"

"तो न्हय रे, तो कवळो! तेच्या पलीकडचो घोस! डोळे कसालाक ठेवन इलंस काय?"

वरून त्या माणसाने विचारलं, "मगे तुमीच येतास काय वर?" सगळे हसले. काकाही हसले. आणि म्हणाले, "बावीस वर्सां पाणी मी घातलंय, आणि पाडूक मेळलो कोण, तर कसालचो! कसालात खंय रे माड? थंय निस्ते ट्रक!" पुन्हा हशा. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मीही हसत होते. त्यांचा एक हात खोडावर होता, सपाट, जसा आपण गुराच्या पाठीवर ठेवतो. शेवटचा नारळ खाली येईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.

संध्याकाळी सेलीनला पाटावर बसवलं. आईने दूध लावलं, आत्यांनी लावलं, गाणी चालली होती, कोणीतरी अख्खी वाटी तिच्या डोक्यावर ओतली. माझी पाळी आली. मी बोटं बुडवली आणि तिच्या कपाळाला, गालांना लावलं. ती रडायला लागली. सगळ्या म्हणाल्या, आता सासरी जाणार म्हणून. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पप्पांका किती वायट वाटला असतला गो." आणि मी — काय केलं असेल मी? मी तिचे डोळे पुसले. नारळाच्या दुधाच्याच हातांनी. त्याने ते आणखी चुरचुरले, आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

तेव्हासुद्धा बोलले नाही.

काका फेरतपासणीला उन्हाळ्यात आलेच नाहीत. पावसाळाही ओसरीवर काढला. गणपती झाल्यावर रोजलीनकाकींनी त्यांना धरून आणलं. मी खूण जागेवर ठेवली. पहिली टेकडी अशी उंच, सुरेख, की मुंबईच्या सरांनी भिंतीवर लावली असती. डॉक्टर म्हणाले, "इनास, तू बरा झालास रे! बघ, मीठ सोडलंस म्हणून." वाक्य पुरतं व्हायच्या आत काका टेबलावरून उतरले. शर्ट घातला नाही. छातीला ते गार जेल फासलेलं तसंच. बाहेर आले आणि दवाखान्याच्या अंगणातला डॉक्टरांचा माड सरळ चढले. कोयता नाही, काही नाही. डॉक्टर खालून ओरडताहेत, इनास, उतर! रोजलीनकाकी देवाचं नाव घेताहेत, बाहेरच्या बाकावरचे पेशंट टाळ्या वाजवताहेत. वरून हाताने पिळून एक नारळ आला तो डॉक्टरांच्या स्कूटरच्या सीटवर. सीट फाटली. डॉक्टर इतके हसले की त्यांनाच खुर्ची द्यावी लागली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या दिवसांपैकी तो एक आहे. हे लिहितानाही मला तो पाठमोरा, वर वर जाणारा उघडा माणूस दिसतो आणि हसू येतं. काय करू?

सेलीन तेव्हा सासरी होती. तिला पत्रात सगळं लिहिलं. म्हणजे, सगळं नाही.

इनासकाका सत्तरीपर्यंत माड चढले आणि ऐंशीला एक वर्ष कमी असताना तापाने गेले. हृदय शेवटपर्यंत ठणठणीत. डॉक्टर त्यांच्या आधीच गेले, मिठाच्या सिद्धांतावर पूर्ण विश्वास ठेवून, सुकट न खाता. बरे झालेल्या पेशंटांची नावं शेवटच्या दिवसांत बोटांवर मोजून सांगायचे, आणि इनास हे नाव पहिलं असायचं. मी मान डोलवायची.

सेलीन दर दोन वर्षांनी येते. तिच्या माडाखाली खुर्च्या टाकून आम्ही बसतो. मागच्या वेळी तिच्या मुलीच्या लग्नाचं बोलणं निघालं आणि ती म्हणाली, माझ्या रोसाला पप्पांना चढायला मिळालं नाही, तेवढंच राहिलं बघ. मी म्हटलं, हो ना. ती माझ्या समोर बसली होती, हातभर अंतरावर. हे छापून आलं तर ती वाचेल. वाचू दे. तिने मग काय करावं, हे मी सांगणार नाही.

एक राहिलं. डॉक्टरांचा माड चढले त्या दिवसानंतर प्रत्येक पाडपाला, म्हणजे नारळ उतरवायच्या वेळी, वर्षातून चार-पाच वेळा, चौदा वर्षं, इनासकाका सेलीनच्या माडाचे दोन नारळ माझ्यासाठी वेगळे काढायचे. सोलून, शेंडी राखून, स्वतः आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवायचे. माझं लग्न झाल्यावर मालवणातल्याच मेढ्यातल्या आमच्या घरी, तेवढं चालत येऊन. म्हणायचे, "घे गो. तू नसतंस तर मी अजून लसूणच सोलीत बसलेलो असतंय."

मी घ्यायची. प्रत्येक वेळी. त्याचा रस काढून सोलकढी करायची, उरलेलं खोबरं वाटपात जायचं. घरात सगळे चाटूनपुसून खायचे. फार गोड माड आहे तो.